एका सामाईक शोधयंत्रणेचे प्रकरण : ठाणे आणि नवी मुंबईच्या ग्रंथालयांसाठी मेटाडेटा गोळा करणाऱ्या मुक्त पॅकेजचे होस्टिंग आणि विकास

पार्श्वभूमी

ठाणे शहराला ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. मराठी ग्रंथसंग्रहालयाची येथे १८९३ साली स्थापना झाली आणि त्यानंतरच्या काळात शासनमान्य अ, ब, क, ड वर्गांतली सार्वजनिक ग्रंथालये, महाविद्यालयांची ग्रंथालये आणि खाडीपलीकडे नवी मुंबई वसल्यावर तेथील शिक्षणसंस्थांचे संग्रह अशी भर पडत गेली. पुस्तके आहेत, वाचकही आहेत. मात्र एखादे जुने मराठी पुस्तक नेमके कोणाकडे आहे हे पाहायचे असेल, तर प्रत्येक ग्रंथालयाची सूची वेगवेगळी उघडावी लागते आणि ज्यांची सूची संकेतस्थळावर नाही त्यांना फोन करावा लागतो. ही अडचण दूर करण्यासाठी ठाणे आणि नवी मुंबईतल्या काही ग्रंथपालांनी एकत्र येऊन सामाईक शोधाची सोय उभी केली. ती सोय ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, ते सांभाळण्याची आणि पुढे वाढवण्याची जबाबदारी या गटाकडे कशी आली आणि त्यांनी ती कशी निभावली, याची ही नोंद आहे. प्रस्तुत लेखक या गटात तांत्रिक बाजू पाहतो. सहभागी ग्रंथालयांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण पुढे वर्णन केलेल्या त्रुटी कोणत्याही ग्रंथालयात आढळू शकतात.

यंत्रणेचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या नोंदी, म्हणजे पुस्तकांविषयीची माहिती किंवा मेटाडेटा, आपल्याकडेच ठेवायच्या आणि त्या ठरावीक पद्धतीने मागणाऱ्याला द्यायच्या. मध्यवर्ती सर्व्हरने त्या वेळोवेळी गोळा करून एकत्र अनुक्रमित करायच्या आणि वाचकाने शोध घेतल्यावर त्याला मूळ ग्रंथालयाच्या पानाकडे पाठवायचे. या देवाणघेवाणीचा नियम म्हणजे ओएआय-पीएमएच. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील सांता फे येथे झालेल्या बैठकीतून या कामाला सुरुवात झाली, २००१ साली पहिली आवृत्ती आली आणि २००२ च्या जूनमध्ये आलेली दुसरी आवृत्ती आजही चालू आहे. त्यात विचारता येतील असे प्रश्न सहाच आहेत : तुम्ही कोण, तुमच्याकडे नोंदींचे कोणते नमुने आहेत, कोणते संच आहेत, नोंदींचे ओळखक्रमांक द्या, संपूर्ण नोंदी द्या, आणि अमुक एक नोंद द्या. प्रत्येक स्रोताने किमान डब्लिन कोअरच्या पंधरा घटकांत, म्हणजे शीर्षक, कर्ता, विषय, प्रकाशक, दिनांक इत्यादींत, नोंद देता आलीच पाहिजे, असा दंडक आहे. महाविद्यालयांत बहुधा वापरली जाणारी कोहा ही सूचीप्रणाली आणि प्रबंध, प्रश्नपत्रिका किंवा दुर्मीळ पुस्तकांच्या प्रती ठेवण्यासाठी वापरली जाणारी डीस्पेस ही भांडारप्रणाली, दोन्ही मुक्त आहेत आणि दोन्हींत ही सोय मुळातच आहे. त्यामुळे स्रोतांच्या बाजूने नवे काही लिहावे लागत नाही, फक्त सोय चालू करावी लागते.

गोळा करणाऱ्या बाजूचे गणित मात्र वेगळे असते. कॅनडातील पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने अशा कामासाठी एक हार्वेस्टर, म्हणजे नोंदी गोळा करणारे सॉफ्टवेअर, तयार केला होता आणि भारतातही ग्रंथालयशास्त्राच्या वर्तुळात तो परिचित होता. पुढे त्या प्रकल्पाने त्यावरचे काम थांबवले. आमच्या गटाने सुरुवातीला घेतलेले पॅकेज त्याच धाटणीचे होते : पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेले, मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालणारे, जीपीएल या मुक्त परवान्याखालचे आणि ज्याचे मूळ कर्ते आता त्याकडे फारसे लक्ष देत नाहीत असे.

होस्टिंगचा पेच

पहिली काही वर्षे हे पॅकेज ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या सर्व्हरवर होते. महाविद्यालयाने जागा विनामूल्य दिली होती आणि त्याबद्दल गटाला कृतज्ञता होती, पण लेखी करार असा काही नव्हता. सर्व्हर महाविद्यालयाच्या संगणक विभागाचा, डोमेन महाविद्यालयाच्या डोमेनचा उपविभाग, आणि पॅकेजमध्ये केलेले स्थानिक बदल थेट चालू सर्व्हरवरच्या फाइलींमध्ये. कोणता बदल कोणी, कधी आणि कशासाठी केला याची नोंद त्या त्या माणसाच्या स्मरणात होती.

पुढे महाविद्यालयाने आपले संकेतस्थळ बाहेरच्या सेवादात्याकडे हलवले. नव्या ठिकाणी पीएचपीची नवी आवृत्ती होती. पीएचपी ७.० मध्ये, म्हणजे २०१५ च्या डिसेंबरपासून, मायएसक्यूएलशी बोलण्याचे जुने फंक्शन-संच काढून टाकलेले आहेत आणि पीएचपी ५.६ ला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे २०१८ च्या अखेरीस थांबले. आमचे पॅकेज जुन्या फंक्शनांवरच उभे होते. शोधाचे पान उघडले की कोरे पान दिसू लागले. सेवादात्याचे म्हणणे असे की जुनी आवृत्ती चालू ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने शक्य नाही, आणि ते म्हणणे योग्यच होते.

गटापुढे तीन पर्याय होते. दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयाला विनंती करून पॅकेज त्यांच्या सर्व्हरवर न्यायचे, हा पहिला. दुसरा, एखाद्या व्यावसायिक संस्थेला वार्षिक करारावर सगळे सोपवायचे. तिसरा, गटाच्याच नावाने भाड्याचा आभासी सर्व्हर घ्यायचा, डोमेन गटाच्या नावावर नोंदवायचे आणि पॅकेज आपण सांभाळायचे. पहिल्या पर्यायात खर्च नव्हता, परंतु पुन्हा कोणाच्या तरी सौजन्यावर अवलंबून राहणे होते. दुसऱ्या पर्यायाचा गटातील अनेकांना मोह होता, कारण ग्रंथपालांना आधीच कामे पुरेशी असतात. तरीही चर्चेत एक मुद्दा निर्णायक ठरला : गोळा केलेल्या नोंदींतील चुका ओळखू शकणारी माणसे ग्रंथालयांत बसलेली आहेत, आणि त्या चुकांवर उपाय करणारा जर कराराच्या चौकटीतला, तक्रारक्रमांकामागचा माणूस असेल, तर चूक दिसणे आणि चूक सुधारणे यांच्यातले अंतर वाढत जाईल. माझे स्वतःचे मत तेव्हाही हेच होते आणि आजही आहे : हार्वेस्टर रोज चालवणारे हात आणि त्याचा कोड लिहिणारे हात एकमेकांपासून तोडले की पॅकेज हळूहळू निकामी होते. तिसरा पर्याय निवडला गेला आणि भाडे सहभागी संस्थांनी वाटून घेण्याचे ठरले.

होस्टिंगचा तांत्रिक भाग तुलनेने सोपा निघाला. डब्लिन कोअरच्या नोंदी म्हणजे शेवटी मजकूरच; त्यांना जागा थोडी लागते आणि मध्यम क्षमतेच्या सर्व्हरवर शोध व्यवस्थित चालतो. डोमेनची नोंदणी कोणा एका व्यक्तीच्या नावावर होऊ नये यासाठी मात्र बरीच खटपट झाली, आणि ती आवश्यक होती. गोळा केलेल्या नोंदी आमचा सर्व्हर पुढे इतर हार्वेस्टरनाही देतो, त्यामुळे आमचा पत्ता दुसऱ्यांच्या यंत्रणांमध्ये नोंदलेला असतो. तो पत्ता व्यक्तीच्या निवृत्तीबरोबर किंवा नूतनीकरण विसरल्यामुळे हातातून गेला, तर नुकसान फक्त आमचे होत नाही. डोमेनच्या नोंदणीत दोन पदाधिकाऱ्यांचे ईमेल ठेवले आहेत आणि नूतनीकरणाची तारीख गटाच्या वार्षिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर कायमची टाकली आहे. बॅकअप रोज रात्री निघतो आणि त्याची एक प्रत वाशीतील एका सहभागी संस्थेकडे जाते.

कोड सर्व्हरवरून उचलून, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सार्वजनिक गिट भांडारात आणणे, जुनी फंक्शने काढून नवी घालणे आणि स्थानिक बदल एकेक करून वेगळे ओळखणे, यात बराच काळ गेला. ते काम कंटाळवाणे होते आणि त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

दोन ग्रंथालये, एकच ओळखक्रमांक

नव्या सर्व्हरवर स्रोत एकेक करून जोडायला घेतले. ठाण्यातील एका महाविद्यालयाची कोहा-सूची आधी गोळा झाली आणि नोंदी व्यवस्थित दिसल्या. त्यानंतर वाशीतील एका ग्रंथालयाची कोहा-सूची जोडली. गोळा करण्याचे काम पूर्ण झाल्याचा संदेश आला, एकही त्रुटी नोंदली गेली नाही, आणि तरीही एकूण नोंदींची संख्या अपेक्षेपेक्षा फारच कमी वाढली. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या ग्रंथपाल बाईंनी कळवले की त्यांच्याकडचे मासेमारीवरचे एक जुने पुस्तक शोधात येत नाही आणि त्या नोंदीच्या दुव्यावर गेले की इलेक्ट्रॉनिक्सचे पाठ्यपुस्तक उघडते, जे त्यांच्या ग्रंथालयात नाहीच.

कारण शोधायला वेळ लागला नाही, पण ते समजून घेण्यासारखे आहे. ओएआय-पीएमएचमध्ये प्रत्येक नोंदीला ओळखक्रमांक असतो आणि तो त्या स्रोतापुरता नव्हे, तर सर्वत्र एकमेव असावा अशी अपेक्षा असते. कोहामध्ये हा क्रमांक संग्रहाची खूण आणि नोंदीचा अंतर्गत क्रमांक जोडून तयार होतो. संग्रहाची खूण मांडणीच्या वेळी ‘कोहा-ओएआय-टेस्ट’ अशी असते. ती चाचणीसाठी आहे हे तिच्या नावातच आहे आणि प्रत्येक ग्रंथालयाने ती बदलून आपली खूण घालावी असे अपेक्षित असते. दोन्ही ग्रंथालयांनी सोय चालू केली, परंतु खूण बदलली नाही. अंतर्गत क्रमांक दोन्हींकडे १ पासून सुरू होतात. परिणामी ठाण्याची ४१२ क्रमांकाची नोंद आणि वाशीची ४१२ क्रमांकाची नोंद या पॅकेजच्या दृष्टीने एकच ठरल्या, आणि नंतर आलेल्या नोंदीने आधीची पुसून तिची जागा घेतली. पॅकेजच्या लेखी ते ‘अद्ययावत करणे’ होते, म्हणून त्रुटीही दिसली नाही.

यावर दोन ठिकाणी उपाय करणे शक्य होते. ग्रंथालयांना खूण बदलायला सांगणे हा पहिला, आणि तो केलाच. पण तेवढ्यावर थांबणे धोक्याचे होते, कारण उद्या तिसरे ग्रंथालय हेच करील आणि पुन्हा कोणाच्या तरी नोंदी निमूटपणे पुसल्या जातील. म्हणून पॅकेजमधील नोंदींच्या तक्त्याची किल्ली बदलली : पूर्वी फक्त ओळखक्रमांक एकमेव मानला जात असे, आता स्रोत आणि ओळखक्रमांक यांची जोडी एकमेव मानली जाते. शिवाय नवा स्रोत जोडताना पॅकेज त्याचे काही ओळखक्रमांक आधी मागून पाहते आणि तीच खूण दुसऱ्या स्रोताकडे आढळली तर जोडणाऱ्याला मराठीत सूचना देते. पुसल्या गेलेल्या नोंदी तक्त्यातून परत मिळणे शक्य नव्हते, त्यामुळे दोन्ही स्रोत रिकामे करून पहिल्यापासून गोळा केले. येथे आणखी एक गोष्ट लक्षात आली. ग्रंथालयाने खूण बदलली की त्याच्या सगळ्याच नोंदींचे ओळखक्रमांक बदलतात आणि जुन्या क्रमांकाच्या नोंदी हार्वेस्टरमध्ये बेवारस पडून राहतात. खूण बदलणे आणि स्रोत रिकामा करणे ही दोन कामे एकाच दिवशी ठरवून करावीत, हे आता आमच्या मार्गदर्शिकेत पहिल्या पानावर आहे.

दुपारनंतरच्या नोंदी

नेरुळमधील एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी एक बारीक निरीक्षण कळवले. सकाळी केलेल्या नोंदी दुसऱ्या दिवशी शोधात येतात, पण दुपारच्या सत्रातल्या येतच नाहीत. असे निरीक्षण कोणत्याही स्वयंचलित तपासणीत सापडले नसते. ते नोंदी करणाऱ्या माणसालाच सुचू शकते.

हार्वेस्टर प्रत्येक वेळी सगळ्या नोंदी मागत नाही, मागच्या वेळेनंतर बदललेल्याच मागतो, आणि ही वेळ नियमानुसार जागतिक प्रमाणवेळेत सांगावी लागते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. तेव्हा गोळा करण्याचे काम दुपारी दोनला होत असे. पॅकेज आपल्या घड्याळातली दोनची वेळ जशीच्या तशी जागतिक वेळ म्हणून जपून ठेवत होते. दुसऱ्या दिवशी ‘काल १४:०० नंतरचे द्या’ असे विचारल्यावर स्रोत त्याचा अर्थ योग्यच घेई, म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसातनंतरचे. दुपारी दोन ते साडेसात या वेळेत केलेली प्रत्येक नोंद दररोज सुटत होती, आणि ती पुन्हा बदलली जाईपर्यंत कधीच येणार नव्हती.

घड्याळाचे क्षेत्र दुरुस्त करणे हा उपाय अर्धाच ठरला असता, कारण काही स्रोतांची घड्याळेही मागेपुढे असतात. नियमानुसार प्रत्येक उत्तरात स्रोत स्वतःची त्या क्षणाची वेळ कळवतो. आता पॅकेज पुढच्या मागणीसाठी आपले घड्याळ वापरतच नाही. मागच्या खेपेच्या पहिल्या उत्तरात स्रोताने सांगितलेली वेळच वापरते, तीही थोडी मागे सरकवून. काही नोंदी दोनदा येतात, पण दोनदा आलेल्या नोंदीने काही बिघडत नाही. ही वेळ संपूर्ण यादी हाती आल्यावरच जपून ठेवली जाते. यादी मोठी असली की स्रोत ती तुकड्यांनी देतो आणि पुढचा तुकडा मागण्यासाठी एक टोकन देतो. मध्येच वीज गेली किंवा टोकनची मुदत संपली तर खेप अपूर्ण राहते, आणि अपूर्ण खेपेची वेळ जपून ठेवली तर उरलेला भाग कायमचा सुटतो.

काम आता रात्री होते आणि दोन मागण्यांमध्ये विराम असतो. अनेक महाविद्यालयांत सूची, भांडार आणि प्रवेशाचे संकेतस्थळ एकाच सर्व्हरवर असतात. जून-जुलैमध्ये प्रवेशाच्या गर्दीत त्यावर आमचा भार पडणे कोणालाच परवडणार नाही. ‘आत्ता नको, इतक्या सेकंदांनी या’ असे स्रोताने कळवले की पॅकेज तेवढे थांबते.

एका अदृश्य अक्षराने अडलेला तुकडा

एका भांडारातून नोंदी येताना तिसरा तुकडा नेहमी फसे. पीडीएफमधून उचलून चिकटवलेल्या एका प्रबंधाच्या सारांशात एक अदृश्य नियंत्रक-चिन्ह आले होते. नोंदी ज्या स्वरूपात येतात त्या एक्सएमएलच्या पहिल्या आवृत्तीत अशी बहुतेक चिन्हे निषिद्ध आहेत, त्यामुळे एका सारांशापायी त्या तुकड्यातल्या शंभर नोंदी वाचता येत नव्हत्या आणि त्यापुढच्या तुकड्यांपर्यंत पोहोचताच येत नव्हते. असे चिन्ह आपणच पुसून पुढे जावे, असा एक प्रस्ताव होता. तो मान्य झाला नाही. स्रोताची नोंद स्रोताला न सांगता बदलणे गटाला पटले नाही. त्याऐवजी पॅकेज अशा वेळी मार्ग बदलते. आधी फक्त ओळखक्रमांकांची यादी मागते, जिच्यात सारांश नसल्याने ते चिन्ह येत नाही, आणि मग नोंदी एकेक करून मागते. बिघडलेली नोंद तेवढी बाजूला पडते, तिचा क्रमांक स्रोत-ग्रंथपालांच्या ईमेलवर जातो आणि बाकीच्या नोंदी आत येतात.

देवनागरी

या पॅकेजचे मूळ कर्ते देवनागरी वापरत नव्हते, आणि सर्वांत जास्त विकासकाम याच भागात झाले. माझ्या मते येथेच या प्रकरणाचे खरे महत्त्व आहे, कारण मराठी नोंदींचे हे प्रश्न मराठी नोंदी हाताळणाऱ्यांशिवाय दुसरे कोणी सोडवणार नाही.

‘कादंबऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असते. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याच्या युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणानेही हे दोन प्रकार एक होत नाहीत. ठाण्यातील एका ग्रंथालयात पहिल्या प्रकारचा कळफलक आणि ऐरोलीतील दुसऱ्या ग्रंथालयात दुसऱ्या प्रकारचा असल्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती शोधात एकत्र येत नव्हत्या.

बाहेरच्या एका विकासकाने सुचवलेला उपाय असा होता की सगळी अदृश्य जोडचिन्हे काढून टाकावीत. तसे केले तर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एक होतात. डोंगरांतल्या दऱ्यांवरचे पुस्तक शोधणाऱ्याला समुद्रावरची पुस्तके मिळतील. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरला. आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या त्रयीचे ऱ आणि हलन्त यांत रूपांतर करायचे, आणि उरलेली जोडचिन्हे त्यानंतर काढायची. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये ते स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या नोंदींत अ आणि त्यावर चंद्र अशी जोडणी असते. तीही एक करावी लागली.

जुन्या लेखनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वीच्या मुखपृष्ठांवर ‘ठाणें’, ‘कांहीं’, ‘नांव’ असे अनुस्वार असतात आणि काळजीपूर्वक सूची करणारा ग्रंथपाल ते तसेच उतरवून घेतो, जे योग्यच आहे. वाचक मात्र ‘ठाणे’ लिहून शोधतो. येथे सरसकट सगळे अनुस्वार काढता येत नाहीत, कारण ‘अंक’ आणि ‘गंगा’ यांमधले अनुस्वार उच्चारले जातात. गटातील मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने वारंवार येणाऱ्या जुन्या रूपांची यादी तयार करून दिली आणि शोधाच्या वेळी ती रूपे एकमेकांना पर्याय म्हणून जोडली. यादी अपुरी आहे आणि वाढत राहील, पण ती नियमांच्या मागे न लागता प्रत्यक्ष शीर्षकांवरून केलेली असल्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

दिनांकाच्या घटकात शके घातलेल्या नोंदीही आल्या. ‘शके १८१५’ असे असेल तर ते १८९३ साल धरले जाते, आणि पुस्तक शकाच्या अखेरच्या महिन्यांत निघाले असेल तर १८९४ होऊ शकते. म्हणून पॅकेज अशा नोंदीला दोन्ही वर्षांच्या शोधात दाखवते आणि पडद्यावर शकेच ठेवते.

ही सगळी रूपांतरे फक्त शोधाच्या अनुक्रमात होतात. स्रोताकडून आलेली नोंद जशी आली तशीच वेगळी जपली जाते आणि पुढे दुसऱ्या हार्वेस्टरला देतानाही तीच दिली जाते. नियमाप्रमाणे अशा नोंदीबरोबर ती मूळ कोठून, कोणत्या क्रमांकाने, कधी घेतली आणि तिच्यात बदल केला का, हे सांगता येते. आमच्या उत्तरात बदलाच्या जागी ‘नाही’ असते आणि ते खरे असते. गटातील ग्रंथपालांनी या मुद्द्यावर धरलेला आग्रह मला या संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा वाटतो.

वगळलेली पुस्तके

ग्रंथालयाने रद्द केलेली नोंद हार्वेस्टरला कळेलच असे नाही. स्रोत रद्द नोंदींचा हिशेब कायम ठेवतो, काही काळ ठेवतो की ठेवतच नाही, हे तो स्वतः जाहीर करतो. न ठेवणाऱ्यांसाठी पॅकेज महिन्यातून एकदा सगळे ओळखक्रमांक मागून आपल्याकडच्यांशी ताडून पाहते. गायब झालेल्या नोंदी लगेच काढत नाही. दुसऱ्या महिन्यातही दिसल्या नाहीत तरच काढते, कारण स्रोताचा सर्व्हर अर्धवट चालू असतानाही यादी तोकडी येते.

बदल परत देणे

जीपीएलखालचे पॅकेज आपल्या सर्व्हरवर बदलून चालवले आणि त्याची प्रत कोणाला दिली नाही, तर बदल प्रसिद्ध करण्याचे कायदेशीर बंधन येत नाही; ते बंधन नेटवर्कवरून दिलेल्या सेवेलाही लागू करणारा एजीपीएल परवाना २००७ साली आला तो याच फटीमुळे. गटाने मात्र पहिल्या बैठकीतच ठरवले की प्रत्येक बदल सार्वजनिक भांडारात जाईल. त्यामागे औदार्याइतकाच व्यवहार होता. पूर्वी बदल सर्व्हरवरच राहिले म्हणूनच पॅकेज हलवताना एवढे जड गेले होते.

ठरलेली पद्धत अशी आहे. ग्रंथपालांनी कळवलेली प्रत्येक त्रुटी मराठीत नोंदवली जाते. ती ज्या नोंदीमुळे उघड झाली, ती नोंद संबंधित ग्रंथालयाच्या परवानगीने चाचण्यांच्या फोल्डरमध्ये जाते. ४१२ क्रमांकाची ती जोडी, नियंत्रक-चिन्ह असलेला सारांश, दोन प्रकारच्या ‘कादंबऱ्या’, ‘शके १८१५’, हे सगळे तेथे आहे. कोणताही नवा बदल या सर्व नमुन्यांवर तपासल्याशिवाय सर्व्हरवर जात नाही. चाचणीसाठी वेगळा, छोटा सर्व्हर आहे आणि तेथे स्रोतांची जपून ठेवलेली उत्तरेच वापरली जातात, म्हणजे प्रयोगासाठी कोणाच्या सर्व्हरला त्रास होत नाही. सर्व्हरची किल्ली तिघांकडे आहे आणि त्यांतील एक व्यक्ती नेहमी ग्रंथालयातली असावी असा नियम आहे. यावर गटात मतभेद झाले होते. ग्रंथपालांनी कमांड लिहायला का शिकावे, असा रास्त प्रश्न विचारला गेला. मला वाटते, त्यांनी सर्व्हर चालवावा अशी अपेक्षा नाही. रात्रीची खेप का फसली हे सर्व्हरच्या नोंदवहीत वाचता यावे आणि तीच खेप पुन्हा लावता यावी, एवढे पुरेसे आहे. दोघी ग्रंथपाल हे काम आता सहज करतात.

सध्याची स्थिती

यंत्रणा चालू आहे. पॅकेजची आमची आवृत्ती बाहेरच्या कोणालाही उतरवून घेता येते आणि तिच्याबरोबरची मार्गदर्शिका मराठीत आहे. ओळखक्रमांकांच्या किल्लीचा आणि वेळेचा बदल मूळ प्रकल्पाकडेही पाठवला आहे. तेथे तो स्वीकारला जाईपर्यंत आमची शाखा वेगळी ठेवावी लागेल आणि सुरक्षा-दुरुस्त्या आम्हालाच कराव्या लागतील. ही जबाबदारी लहान नाही. पीएचपीची प्रत्येक नवी आवृत्ती आली की चाचण्यांचा फोल्डर पुन्हा चालवावा लागतो.

न सुटलेला मोठा प्रश्न जुन्या फॉन्टांचा आहे. युनिकोडपूर्व काळात अनेक ग्रंथालयांनी मराठी सूची अशा फॉन्टांमध्ये केली की त्या फॉन्टाशिवाय मजकूर अर्थहीन रोमन चिन्हांसारखा दिसतो. अशा नोंदी नियमाप्रमाणे निर्दोष येतात, गोळाही होतात, पण शोधात कधीच सापडत नाहीत. प्रत्येक फॉन्टाचा नकाशा वेगळा असल्यामुळे रूपांतर हार्वेस्टरमध्ये आपोआप करणे धोक्याचे आहे. गटाचा सध्याचा निर्णय असा की हे रूपांतर स्रोत-ग्रंथालयातच, मूळ पुस्तक हाताशी असताना आणि ग्रंथपालांच्या नजरेखाली व्हावे, आणि पॅकेजने फक्त अशा नोंदी ओळखून त्यांची यादी ग्रंथालयाला द्यावी. मराठी भाषा असे नोंदवलेले असूनही शीर्षकात एकही देवनागरी अक्षर नसेल तर नोंद त्या यादीत जाते. कळव्यातील एका सार्वजनिक ग्रंथालयाने या यादीवरून काम सुरू केले आहे. त्यांच्याकडे संगणक एकच आहे आणि तो संध्याकाळी देवघेवीच्या वेळेत मोकळा नसतो, म्हणून ते काम सकाळी होते. ज्या ग्रंथालयांना मनुष्यबळ नाही त्यांच्यासाठी महाविद्यालयांतील ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल का, याची विचारणा सुरू आहे, आणि पुढच्या बैठकीत त्यासाठीच्या तपासणीची पद्धत ठरायची आहे.